पाच जागा, चार लिप्या : सीमाभागातील ॲपची तळपट्टी

बिदर जिल्ह्यातील औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांत मराठी भाषक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. घरात मराठी, मुलांच्या शाळेत बहुधा कन्नड, बाजारपेठेत दख्खनी उर्दू आणि जहिराबादकडे गेले की तेलुगू, अशा चार भाषांतून तेथील अनेकांचा दिवस सरतो. जमिनीची कागदपत्रे कन्नडमध्ये असतात. तूर किंवा सोयाबीन विकण्यासाठी मात्र उदगीर, लातूरची बाजार समितीही जवळची वाटते. ही सारी कामे आता हळूहळू मोबाइलच्या पडद्यावर येऊ लागली आहेत आणि त्यांतली कोणती हाताशी राहणार, हे पडद्याच्या तळाशी असलेली बोटभर रुंदीची एक पट्टी ठरवते.

ही बाब वाटते तितकी किरकोळ नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपीट, ढगफुटी किंवा शेत जलमय होणे अशा स्थानिक आपत्तीने पिकाची हानी झाली, तर तिची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागते. ही खबर देण्याचे बटण एखाद्या ॲपमध्ये चार पायऱ्या आत आणि अनोळखी लिपीत दडलेले असेल, तर त्या ७२ तासांतले काही तास केवळ शोधण्यातच जातात. तेच बटण पावसाळ्यापुरते तळपट्टीत आणून ठेवण्याची मुभा शेतकऱ्याला असेल, तर ते काम एका स्पर्शाचे होते. वापरणाऱ्याला स्वतःच्या गरजेप्रमाणे मांडता येईल अशी तळपट्टी कशी घडवावी, तिच्यात कोणत्या चुका संभवतात आणि चार लिप्यांच्या मुलखात ती कशी उभी राहील, हे समजून घेणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

तळपट्टी म्हणजे काय?

ॲपच्या तळाशी कायम दिसणाऱ्या तीन ते पाच बटणांच्या ओळीला ‘बॉटम नेव्हिगेशन बार’ म्हणतात. मराठीत तिला तळपट्टी म्हणता येईल. प्रत्येक बटणात एक चिन्ह आणि त्याखाली एक छोटा शब्द असतो. ॲपच्या कोणत्याही मुख्य विभागात असताना दुसऱ्या मुख्य विभागात एका स्पर्शात जाता यावे, हा तिचा हेतू.

ती तळाशीच का, याचे उत्तर अंगठ्यात आहे. अमेरिकेतील अभ्यासक स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत रस्ते, बसथांबे, विमानतळ अशा सार्वजनिक ठिकाणी मोबाइल वापरणाऱ्यांची १,३३३ निरीक्षणे नोंदवली होती. त्यांपैकी जे पडद्याला स्पर्श करत होते, त्यांच्यातील ४९ टक्के लोक फोन एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने काम करत होते. फोन मोठे होत गेले तसा पडद्याचा वरचा भाग अंगठ्याच्या आवाक्याबाहेर गेला आणि तळाचा भाग मोलाचा ठरला. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन बसमध्ये उभ्या असलेल्या प्रवाशाला हे वेगळे सांगायला नको.

जागा मात्र मोजकीच असते. पुष्कळ अँड्रॉइड फोनच्या पडद्याची रुंदी ‘डीपी’ या मापात साधारण ३६० असते. पाच बटणे ठेवली की प्रत्येकाच्या वाट्याला ७२ डीपी येतात. बोटाने नेमका स्पर्श करता यावा म्हणून गूगलच्या मार्गदर्शिकेत किमान ४८ डीपीचे, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटरचे क्षेत्र सुचवलेले आहे. सहावे, सातवे बटण घुसवले तर बोट कसेबसे मावते, पण बटणाखालचा शब्द वाचण्याजोगा राहत नाही. म्हणूनच अँड्रॉइडचा तयार घटकही पाचांहून अधिक बटणे स्वीकारत नाही.

निवडीचा अधिकार : एक जुनी कल्पना

वापरणाऱ्याने पट्टी स्वतः मांडावी ही कल्पना नवी नाही. २००७ मध्ये आलेल्या पहिल्याच आयफोनमध्ये गाण्यांच्या ॲपला अशी सोय होती. तळाच्या पट्टीतील शेवटचे बटण ‘आणखी’ या अर्थाचे होते. ते उघडून ‘संपादन’ निवडले की यादीतले चिन्ह बोटाने ओढून खालच्या पट्टीत ठेवता येई. पुढे २००८ पासून बाहेरच्या विकसकांनाही आपल्या ॲपमध्ये हीच रचना वापरता येऊ लागली. अँड्रॉइडच्या जगात तळपट्टी उशिरा रुळली. गूगलने २०१६ मध्ये तिला आपल्या मार्गदर्शिकेत स्थान दिले आणि त्याच वर्षी तिच्यासाठी तयार घटकही उपलब्ध करून दिला. मात्र हा घटक ठरावीक बटणे दाखवण्यापुरताच आहे. वापरणाऱ्याला ती बदलू देण्याची सोय विकसकाला स्वतः रचावी लागते.

यावर एक पळवाट सुचते : माणसाला कष्ट कशाला, यंत्रानेच सवय ओळखून बटणे मागेपुढे करावीत. हा प्रयोग संगणकावर पूर्वी होऊन गेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस २०००’मध्ये क्वचित वापरल्या जाणाऱ्या आज्ञा मेन्यूतून आपोआप लपवल्या जात. परिणामी काल दिसलेली आज्ञा आज जागेवर नसे आणि ती शोधण्यात वेळ जाई. ‘ऑफिस २००७’मध्ये ही पद्धतच मोडीत निघाली आणि तिच्या जागी सर्व आज्ञा उघड मांडणारी ‘रिबन’ आली. हाताला जागेची सवय असते. स्वयंपाकघरातला मिठाचा डबा रोज कोणी हलवला तर स्वयंपाक करणाऱ्याचा जो त्रागा होईल, तोच येथेही होतो. पट्टीतील बदल वापरणाऱ्याच्या हाताने आणि त्याच्या जाणतेपणीच व्हावा, हा त्यातून निघणारा पहिला नियम.

दोन टोके पक्की, मधल्या जागा मोकळ्या

सीमाभागातील शेतकरी कुटुंबासाठी एक ॲप घडवायचे ठरले, असे समजू. त्यात हवामान, बाजारभाव, जमिनीची नोंद, पीकहानीची खबर, बस, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, दवाखाना आणि तक्रार अशा दहा सेवा आहेत. तळपट्टीत जागा पाच.

सर्व पाच जागा मोकळ्या सोडणे धोक्याचे असते. कोणी ‘मुख्य पान’च काढून टाकले, तर परतीची वाट हरवते. म्हणून पहिली जागा ‘मुख्य पान’ आणि शेवटची ‘सर्व सेवा’ अशी कायम ठेवावी आणि मधल्या तीन जागा वापरणाऱ्याच्या हवाली कराव्यात. पट्टीत नसलेली प्रत्येक सेवा ‘सर्व सेवा’मध्ये सापडेल, याची त्यामुळे हमी राहते. पट्टीतून काढणे म्हणजे ॲपमधून काढणे नव्हे, हे वापरणाऱ्याला कळले की तो निर्धास्तपणे बदल करतो.

तीनच जागांचे स्वातंत्र्य तोकडे वाटेल. पण दहा सेवांतून तीन निवडून त्या क्रमाने लावायच्या तर १० गुणिले ९ गुणिले ८, म्हणजे ७२० वेगवेगळ्या पट्ट्या तयार होऊ शकतात. या आकड्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर ‘ग्राम वन’ सेवाकेंद्रे आहेत. अशा केंद्रातील कर्मचाऱ्याने किंवा शहरात शिकणाऱ्या मुलीने फोनवरून आईला ‘डावीकडून तिसरे बटण दाब’ असे सांगितले, तर ते बटण प्रत्येकाच्या फोनमध्ये निराळे असणार. तेथे ‘बाजारभाव लिहिलेले बटण दाब’ असेच सांगावे लागते. त्यासाठी बटणाखालचा शब्द नेहमी दिसत राहिला पाहिजे.

येथे तयार घटक एक फसगत करतात. अँड्रॉइडच्या घटकात तीन बटणांपर्यंत सर्व शब्द दिसतात; चौथे बटण येताच मूळ ठेवणीनुसार केवळ निवडलेल्या बटणाचा शब्द उरतो. ‘फ्लटर’ या लोकप्रिय साधनाच्या जुन्या तळपट्टीचेही वर्तन असेच आहे. शब्द कायम दिसावेत अशी सूचना विकसकाने कोडमध्ये स्पष्टपणे द्यावी लागते. ज्याला चिन्हांची भाषा सरावाची नाही, त्याच्यासाठी ही एक ओळ फार मोलाची आहे. घंटेचे चिन्ह सूचनांचे आणि दातेरी चाक सेटिंगचे, हे कोणी शिकवल्याशिवाय कळत नाही.

क्रम साठवायचा तो ओळखीने, जागेने नव्हे

वापरणाऱ्याने केलेली मांडणी फोनमध्ये जपून ठेवावी लागते. नवखे विकसक येथे हमखास एक चूक करतात. ते सेवेची ओळख न साठवता तिचा मूळ यादीतील क्रमांक साठवतात. समजा, मूळ यादीत बस तिसरी आहे आणि वापरणाऱ्याने ती पट्टीत घेतली. फोनमध्ये नोंद झाली : ‘तीन’. पुढच्या आवृत्तीत यादीच्या दुसऱ्या जागी नवी सेवा आली आणि बस चौथी झाली. नोंद मात्र ‘तीन’च राहिली. आता पट्टीतल्या त्या जागी भलतीच सेवा अवतरते. वापरणाऱ्याने काहीही बदललेले नसताना त्याची पट्टी बदलते आणि ॲपवरचा त्याचा विश्वास उडतो.

यावरचा उपाय सोपा आहे. प्रत्येक सेवेला एक कायमची, भाषानिरपेक्ष ओळखखूण द्यावी. ही खूण पडद्यावर कधी दिसत नाही आणि भाषा बदलली तरी बदलत नाही. फोनमध्ये साठवायची ती या खुणांची क्रमवार यादी. ॲप उघडताना ती जशीच्या तशी न वापरता आधी चार गोष्टी तपासाव्यात. यादीतील एखादी सेवा आता बंद झाली असेल तर ती वगळावी. तीच खूण दोनदा आली असेल तर एकच ठेवावी. मोकळ्या जागांपेक्षा खुणा अधिक असतील तर उरलेल्या सोडून द्याव्यात. कमी असतील तर मूळ मांडणीतून भर घालावी. यादी सापडलीच नाही किंवा वाचता आली नाही, तर मूळ मांडणी दाखवावी. ॲप बंद पडता कामा नये.

नव्या सेवेबाबत एक पथ्य पाळावे लागते. नवी सेवा सुरू झाली म्हणून ती कोणाच्या पट्टीत घुसवू नये. ती ‘सर्व सेवा’मध्ये ठळकपणे दाखवावी, पट्टीत घ्यायची की नाही, हे वापरणारा ठरवील. बंद झालेली सेवा वगळताना मात्र तसे एका वाक्यात कळवावे, नाहीतर बटण कोठे गेले या शोधात माणूस चकरा मारतो.

ही यादी सर्वप्रथम फोनमध्येच ठेवावी. इंटरनेटवरून ती मागवण्यावर पट्टी अवलंबून असेल, तर सिग्नल नसलेल्या शिवारात ॲपचा तळच रिकामा दिसेल. कमी क्षमतेच्या फोनवर आणखी एक अडचण येते. दुसरे ॲप उघडले की आधीचे स्मृतीतून काढून टाकले जाते. परत आल्यावर वापरणारा ज्या विभागात होता त्याच विभागात, अर्धवट भरलेल्या अर्जासह पोचला पाहिजे. त्यासाठी निवडलेल्या विभागाची नोंदही ओळखखुणेनेच करावी आणि प्रत्येक विभागातील मागे जाण्याची वाट स्वतंत्रपणे जपावी. बाजारभाव पाहून आल्यावर पीकहानीचा अर्ज कोरा झालेला दिसला, तर पट्टी कितीही सुबक असली तरी व्यर्थ.

भाषा एक, नावे तीन

यानंतरचा प्रश्न शब्दांचा. तो समजण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागते. बिदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची भाषावार फेररचना झाली तेव्हा बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले व आज ते लातूर जिल्ह्यात आहेत. जहिराबाद आणि नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले व आज ते तेलंगणात आहेत. उरलेला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिला. गुलबर्ग्याचे अधिकृत नाव २०१४ मध्ये कलबुर्गी झाले आणि २०१९ मध्ये या साऱ्या हैदराबाद-कर्नाटक प्रदेशाला ‘कल्याण कर्नाटक’ हे नाव मिळाले.

या वाटणीमुळे एकच मराठी भाषा तीन प्रशासनांच्या शब्दांत विभागली गेली. जमिनीच्या उताऱ्याला महाराष्ट्रात ‘सातबारा’ म्हणतात. बिदर-कलबुर्गीत त्याच कामाच्या कागदाला ‘पहाणी’ म्हणतात. गोव्यात तो ‘एक-चौदा’चा उतारा असतो. पुण्यात बसलेल्या अनुवादकाने कर्नाटकासाठीच्या ॲपचे मराठी रूपांतर करताना बटणावर ‘सातबारा’ लिहिले, तर मराठी शुद्ध राहील, पण भालकीच्या शेतकऱ्याला ते बटण महाराष्ट्रातील नोंदीचे वाटेल. ज्याची जमीन सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, त्याला तर दोन्ही शब्द लागतात आणि ते दोन निरनिराळ्या सेवांचे असतात.

बसचेही तसेच. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत आणि तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून ‘महालक्ष्मी’ योजनेत महिलांना मोफत प्रवास सुरू झाला, तो त्या-त्या राज्याच्या अटींवर. कमलनगरहून उदगीरला, बिदरहून जहिराबादला किंवा आळंदहून सोलापूरकडे जाणाऱ्या स्त्रीसाठी ‘बस’ या एका शब्दामागे वेगवेगळी महामंडळे आणि वेगवेगळे नियम आहेत. बटणाखाली ‘बस’ हा शब्द पुरेसा आहे. पण त्यामागे उघडणाऱ्या पानावर कोणत्या राज्याची बस, हे पहिल्याच ओळीत दिसायला हवे.

यातून तळपट्टीच्या रचनेचा सर्वांत महत्त्वाचा धडा मिळतो : भाषा आणि सेवा या दोन निवडी एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्यात. अनेक ॲप मराठी निवडली की माणूस महाराष्ट्राचा आणि कन्नड निवडली की कर्नाटकाचा, असे गृहीत धरून पुढचे सारे ठरवतात. बिदर-कलबुर्गीच्या मराठी माणसाला हे गृहीतक परके करून टाकते. त्याला शब्द मराठीत हवे असतात, पण पहाणी कर्नाटकाची, बस प्रसंगाप्रमाणे आणि बाजारभाव लातूरचेही. भाषा बदलली म्हणून पट्टीतील सेवांचा क्रम बदलू नये आणि सेवा बदलली म्हणून भाषा बदलू नये. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. ओळखखूण भाषानिरपेक्ष ठेवली आणि नावांचा कोश भाषा अधिक राज्य अशा जोडीने लावला की काम भागते. फोन इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये ठेवून एखादेच ॲप मराठीत चालवण्याची सोय आयफोनमध्ये २०१९ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२२ पासून आहे. ॲपने तिचा मान राखायला हवा.

या आग्रहाला संविधानाचाही आधार आहे. आपल्या गाऱ्हाण्याचे निवारण व्हावे म्हणून संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क अनुच्छेद ३५० प्रत्येकाला देतो. निवेदन कागदावर लिहिले जात असताना हा हक्क लेखणीत होता. आता ते पडद्यावरून द्यायचे, तर तक्रारीचे बटण आणि त्यामागचा अर्ज कोणत्या भाषेत उघडतो, यावर त्या हक्काची उपयोगिता ठरते.

उजवीकडून डावीकडे

बिदरचे ॲप उर्दूतही हवे आणि उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. अँड्रॉइडने २०१२ मध्ये अशा लिप्यांसाठी संपूर्ण मांडणी आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटवण्याची व्यवस्था आणली. तिच्यामुळे उर्दूत पट्टीतील पहिले बटण उजव्या टोकाला येते. हे योग्यच आहे. पण त्यासाठी विकसकाने कोडमध्ये ‘डावे’ आणि ‘उजवे’ हे शब्द टाळून ‘आरंभ’ आणि ‘शेवट’ अशा अर्थाच्या आज्ञा वापरलेल्या असाव्या लागतात. साठवलेली यादी मात्र उलटवायची नाही. यादीत पहिली ती पहिलीच. ती कोणत्या टोकाला दिसेल, हे पडद्याने ठरवायचे. दोन्ही ठिकाणी उलटापालट केली तर दोन उलट मिळून सुलट होते आणि उर्दूची पट्टी पुन्हा डावीकडून सुरू होते. ही चूक भाषा प्रत्यक्ष बदलून पाहिल्याशिवाय सापडत नाही.

चिन्हांचेही तारतम्य हवे. मागे जाण्याचा बाण उर्दूत उलटतो; घड्याळ उलटत नाही, कारण त्याचे काटे सर्व भाषांत एकाच दिशेने फिरतात.

चारही लिप्यांची उंची सारखी नसते. देवनागरीत वेलांटी आणि रफार शिरोरेषेच्या वर, उकार खाली. कन्नड आणि तेलुगू जोडाक्षरांत दुसरे व्यंजन ओळीखाली उतरते. उर्दूची नस्तालीक धाटणी तिरपी उतरत असल्याने तिला सर्वांत अधिक उंची लागते. इंग्रजी शब्द बसवून आखलेल्या पट्टीत ‘पूर्वसूचना’चा रफार किंवा उकार छाटला जातो. त्यातच वयस्क माणसांनी फोनमधील अक्षरे मोठी करून ठेवलेली असतात. म्हणून पट्टीची उंची एका आकड्यात जखडू नये, अक्षरांबरोबर ती वाढू द्यावी. नावे एका शब्दाची निवडावीत : ‘कृषि उत्पन्न बाजार समिती दर’ऐवजी ‘बाजारभाव’, ‘पीकहानी पूर्वसूचना अर्ज’ऐवजी ‘पीकहानी’.

बदल करण्याची रीत

बटण दाबून धरले की ते हलू लागते आणि ओढून दुसरीकडे नेता येते, ही रीत तरुणांना सहज जमते. परंतु कापणाऱ्या हातांना, राठ पडलेल्या बोटांना किंवा पडदा न दिसणाऱ्या व्यक्तीला ओढणे साधत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘डब्ल्यूसीएजी २.२’ या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत, ओढून करायचे प्रत्येक काम साध्या स्पर्शानेही करता यावे, अशी अट घातलेली आहे. त्यासाठी सेटिंगमध्ये ‘तळपट्टी बदला’ असे पान ठेवावे. तेथे प्रत्येक सेवेपुढे ‘पट्टीत घ्या’, ‘काढा’, ‘पुढे’, ‘मागे’ अशी साधी बटणे असावीत आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या ‘टॉकबॅक’सारख्या सोयीला ‘बाजारभाव, पाचपैकी तिसरे’ असे सांगता यावे.

दाबून धरण्याची रीत ठेवलीच, तर ती चुकून लागणार नाही इतपत वेळ द्यावी. मूल खेळताना आजोबांची पट्टी विस्कटून जाते. प्रत्येक बदलानंतर काही क्षण ‘पूर्ववत करा’ दिसावे आणि ‘मूळ मांडणी’ हे बटण नेहमीसाठी असावे. एकच फोन घरात तिघे-चौघे वापरत असतील, तर दोन-तीन मांडण्या नावानिशी साठवण्याची सोय उपयोगी पडते. पावसाळ्यात पीकहानी व हवामान, सुगीत बाजारभाव, शाळा सुरू होताना शिष्यवृत्ती असे ऋतुमानही तीत बसते. आणि मूळ मांडणी काळजीने निवडलेली असावी, कारण पुष्कळ लोक सेटिंगच्या वाटेला कधीच जात नाहीत. त्यांच्यासाठी मूळ मांडणी हीच अखेरची मांडणी असते.

गोव्यासाठी अर्थ

गोव्यातील वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद ठेवली. रोमी लिपीत कोकणी वाचणारा मोठा वर्ग आहे, इंग्रजी सर्वत्र आहे आणि कामानिमित्त आलेल्या उत्तर कर्नाटकातील कुटुंबांची कन्नडही आहे. येथील एखाद्या नागरी सेवेच्या ॲपने मराठी निवडणाऱ्या पेडण्याच्या शेतकऱ्यापुढे ‘सातबारा’ ठेवला, तर तो भालकीच्या शेतकऱ्याइतकाच गोंधळेल. त्याला ‘एक-चौदा’ हवा आहे. मुरगावच्या कामगाराला आधी कदंबची बस लागेल, सत्तरीच्या बागायतदाराला हवामान, तर निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धेला बँकेत रक्कम जमा झाल्याची नोंद.

एखादे ॲप या कसोटीला उतरते का, हे तपासायला विकसक असण्याची गरज नाही. भाषा मराठीवरून कोकणी, कन्नड किंवा उर्दू करून पाहावी : पट्टीतील सेवा त्याच राहतात का? अक्षरे सर्वांत मोठी करावीत : शब्द छाटले जातात का? इंटरनेट बंद करून ॲप उघडावे : पट्टी दिसते का? आणि घरातील ज्येष्ठाच्या हाती फोन देऊन त्याचे नेहमीचे काम शोधायला सांगावे. त्याचे बोट तळाशी थबकले, तर पट्टीतले शब्द त्याच्यासाठी लिहिलेले नाहीत, हे तेथेच कळते.